परत वर जाण्याचा सराव

ऑगस्ट महिना लागला की आमच्या फुलसावंगीत एक आठवण जागी होते. शिवारात सोयाबीन वाढलेलं असतं, शाळेत झेंडावंदनाची तयारी चाललेली असते, आणि मधल्या सुट्टीत मुलांच्या बोलण्यात मुन्नाभाईचं नाव हमखास निघतं.

शेख इस्माईल शेख इब्राहिम हे त्याचं पूर्ण नाव. शिक्षण आठवीपर्यंत, पण हातात वेल्डिंगचा हुनर असा की लोखंड त्याचं ऐकायचं. कपाटं आणि कूलर बनवणाऱ्या या पोराने मारुती ८०० चं इंजिन बसवून एका माणसापुरतं हेलिकॉप्टर उभं केलं. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला, महागाव तालुक्यातल्या एका गावात! १५ ऑगस्टला ते सगळ्यांना दाखवायचं त्याच्या मनात होतं. २०२१ साली त्या दिवसाच्या काही दिवस आधी, रात्री चाचणी चालू असताना मागच्या छोट्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्याचा घाव मुन्नाच्या डोक्यावर बसला. वय अवघं २४ वर्षं. अल्लाह मरहूमची मग्फिरत करो.

त्या रात्रीचा व्हिडिओ देशभर फिरला. आमच्या वर्गातल्या मुलांनीही तो पाहिला आहे. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने भर वर्गात विचारलं, "सर, विमान चालवणाऱ्याला मध्येच वाटलं की काहीतरी चुकतंय, तर तो काय करतो? त्याला तर ब्रेक मारून रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही."

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. "विचारून सांगतो," एवढंच म्हणालो. हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, हे मात्र लगेच लक्षात आलं. तो मुलगा वडिलांच्या गॅरेजमध्ये जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर एक मोठा पंखा बसवत होता. छोटी गाडी पंख्याच्या जोरावर पळवायची आणि २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर दाखवायची, असा त्याचा बेत होता.

उत्तर मिळालं ते नात्यातल्या एका मुलाकडून. तो गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिकाचं शिक्षण घेत होता. ईदला घरी आला तेव्हा आम्ही तोच प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. तो हसला आणि म्हणाला, "मामू, सध्या आम्हाला तेच घोकून घेतात. उतरायचं कसं यापेक्षा, उतरायचं नाही हे कधी ठरवायचं!"

वैमानिकांच्या भाषेत याला 'गो-अराउंड' म्हणतात. विमान धावपट्टीकडे उतरत असताना काही बिघडलं, वेग जास्त झाला, वारा आडवा लागला, धावपट्टीवर गाय किंवा दुसरं विमान दिसलं, तर उतरणं तिथेच सोडायचं. इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं, विमानतळाला एक फेरी घालायची आणि नव्याने उतरायला यायचं. आपण प्रवासी म्हणून बसलेलो असतो, जमीन जवळ आलेली दिसते, आणि एकाएकी इंजिनांचा आवाज वाढून विमान वर झेपावतं, तेव्हा छातीत धस्स होतं. लोक कलमा पढू लागतात. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र हा रोजच्या शिक्षणातला एक धडा असतो.

उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. जमिनीपासून १००० फुटांवर असताना धावपट्टी अजून सहाएक किलोमीटर दूर असते. मोठ्या विमानांच्या बाबतीत सर्वसाधारण नियम असा, की ढगाळ हवेत १००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर येईपर्यंत सगळं जागच्या जागी हवं. वेग ठरल्याइतका, विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत, खाली येण्याचा दर मिनिटाला १००० फुटांपेक्षा कमी, चाकं खाली, पंखांमागच्या पट्ट्या म्हणजे फ्लॅप ठरल्याप्रमाणे उघडलेले. यातलं एकही जमलं नसेल, तर 'बघू, पुढे जमेल' असं म्हणायचं नाही. वर जायचं.

ऐकायला सोपं वाटतं. हातून घडायला मात्र कठीण आहे, म्हणून त्याचा सराव लागतो. पहिला धडा जमिनीजवळ देत नाहीत. शिक्षक विमान उंच नेतात आणि सांगतात, ३००० फूट म्हणजे आज आपली जमीन. विद्यार्थी उतरण्याची सगळी तयारी करत त्या मानलेल्या जमिनीकडे येतो आणि तिथून परत वर जायला शिकतो. चुकलं तरी खाली भरपूर हवा असते. पुढे खऱ्या धावपट्टीवर ५०० फुटांवरून, मग २०० फुटांवरून, मग चाकं टेकायला काही फूट उरले असताना. कधी शिक्षक काही न सांगता एकदम म्हणतात, "गो-अराउंड!" त्या क्षणी 'का?' असं विचारायचं नसतं. आधी वर जायचं, कारण नंतर.

हातांना जे शिकवावं लागतं, तेही ऐकण्यासारखं आहे. सेसना १७२ सारख्या छोट्या विमानात सर्वांत आधी थ्रॉटल पूर्ण पुढे. आता गंमत अशी की उतरताना विमान कमी वेगासाठी जुळवून ठेवलेलं असतं. त्यामुळे एकदम जोर मिळाला की त्याचं नाक आपोआप वर उसळतं. वर तर जायचंच आहे, म्हणून नवखा विद्यार्थी नाकाला तसंच उसळू देतो. पण नाक फार वर गेलं की वेग तुटतो, पंखांवरून वाहणारी हवा सुटते आणि पंख विमानाला पेलू शकत नाहीत. म्हणून जमीन जवळ असताना, मन 'ओढ, ओढ' म्हणत असताना, दांडा पुढे दाबून धरावा लागतो. त्याच वेळी इंजिनाच्या जोराने विमान डावीकडे वळू पाहतं, तर उजव्या पायाने रडर दाबायचा. फ्लॅप एकदम मिटायचे नाहीत, नाहीतर विमान खाली बसतं. आधी २० अंशांवर आणायचे, वेग वाढला, विमान चढू लागलं, की उरलेले टप्प्याटप्प्याने. रेडिओवर टॉवरला कळवणं सर्वांत शेवटी. आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग बोलणं. हा क्रम शिकाऊ मुलांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

"भीती कशाची वाटते?" आम्ही विचारलं. तो म्हणाला, "जमिनीची नाही मामू. लाज वाटते. वाटतं, खाली उभे असलेले म्हणतील, याला उतरता आलं नाही."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसलं. जगभरच्या वैमानिकांची गोष्टही याहून वेगळी नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने या विषयाचा अभ्यास केला. जिथे नियमाप्रमाणे वर जायला हवं होतं, अशा शंभर वेळांपैकी साधारण तीनच वेळा वैमानिक वर गेले. बाकीचे 'जवळ तर आलोच आहोत' म्हणत उतरले. बहुतेक वेळा काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणूनच पुढच्या वेळी धीर आणखी वाढला. नियम मोडून सुखरूप सुटणं हीसुद्धा एक शिकवण असते, आणि ती फार वाईट शिकवण असते.

आपल्या देशाने याची किंमत मोजली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशीत निघालं की विमान ठरल्यापेक्षा उंच आणि वेगात होतं, आणि शेजारी बसलेला सहवैमानिक वर जाऊ या म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होता. कॅप्टनने ऐकलं नाही. चाकं टेकल्यावर, थांबण्याची क्रिया सुरू झाल्यावर त्यांनी परत वर जाण्याचा प्रयत्न केला. निर्णय झाला, पण त्याची वेळ निघून गेली होती.

७ ऑगस्ट २०२० चा कोळिकोडचा अपघात तर कोरोनाच्या दिवसांतला. वंदे भारत मोहिमेत दुबईहून लोकांना घरी आणणारं विमान, १९० जण, मुसळधार पाऊस. कॅप्टन दीपक साठे हे नागपूरच्या घरचे, हवाई दलात नावाजलेले, अतिशय अनुभवी वैमानिक. पहिल्या खेपेला त्यांनी योग्य तेच केलं, न उतरता परत वर गेले. दुसऱ्या खेपेला उलट बाजूने आले, वारा पाठीमागून होता, आणि विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटल्याची नोंद चौकशी अहवालात आहे. २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. कोंडोट्टी-करीपूरचे गावकरी कोरोनाची पर्वा न करता भर पावसात धावले, आपल्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात नेलं, रक्तदानासाठी रांगा लावल्या. त्यांच्या त्या माणुसकीची आठवण ठेवली पाहिजे.

इथे कुणा गेलेल्या माणसाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. साठे यांच्यासारखा कसलेला वैमानिक एकदा वर जाऊनही दुसऱ्यांदा अडकतो, तिथे आपण कोण? यातून कळतं ते एवढंच की एकदा मागे फिरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मागे फिरणं अधिक जड जातं. 'आता तरी झालंच पाहिजे' हे ओझं अनुभवी माणसालाही वाकवतं.

आणि मागे फिरणं हेही काम आहे, ते अर्धवट करून चालत नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या एमिरेट्सच्या विमानाने चाकं टेकल्यावर परत वर जायचं ठरवलं. वर जाण्यासाठी एक बटण असतं, पण चाकं एकदा टेकली की ते काम करत नाही, थ्रॉटल हाताने पुढे ढकलावे लागतात. बटण दाबलं, इंजिनं मात्र मंदच राहिली. चाकं आत घेतली गेली आणि विमान धावपट्टीवर बसलं. आतले सगळे ३०० जण वाचले, आग विझवताना अग्निशमन दलाचा एक जवान मात्र गेला. वर जायचा निर्णय घेतला म्हणजे काम संपलं असं नाही, हात थ्रॉटलवर ठेवून ते शेवटपर्यंत करायचं असतं. म्हणून तर इतका सराव.

यावरचा उपाय विमान कंपन्यांनी शोधला तो फार शहाणपणाचा आहे. अनेक ठिकाणी नियम असा, की 'गो-अराउंड' हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारला, अगदी कालच रुजू झालेल्या सहवैमानिकाने उच्चारला, तरी विमान वर जाणार. मोठा-छोटा पाहायचं नाही. आणि वर गेल्याबद्दल वैमानिकाला शिक्षा नाही, टोमणे नाहीत. इंधन थोडं जास्त जळतं, दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो. विमानात तेवढं जादा इंधन निघतानाच भरलेलं असतं, म्हणजे मागे फिरण्याची तजवीज निघण्याआधीच झालेली असते.

आता आमच्या-तुमच्या घरांकडे पाहू. निकाहाच्या पत्रिका वाटून झाल्या, हॉल ठरला, आणि आठ दिवसांवर लग्न असताना मुलाकडचे मोटारसायकल मागतात. मुलगी दबक्या आवाजात म्हणते, "अम्मी, मला हे ठीक वाटत नाही." आपण काय म्हणतो? "आता कसं मागे फिरायचं? चार लोक काय म्हणतील?" तिचा आवाज हा सहवैमानिकाचा आवाज असतो. मुलाला डॉक्टर करायचं म्हणून तिसऱ्या वर्षी कर्ज काढून कोचिंगला पाठवतो, तो रात्रभर जागा असतो, जेवत नाही, आपण म्हणतो, "आता इतकं झालं, आणखी थोडं." पुसदच्या रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायला निघालेला तरुण समोरून एसटी येताना पाहतो, पण मागे बसलेल्या मित्रांपुढे वेग कमी करायला लाजतो. प्रत्येक ठिकाणी जमीन जवळ आलेली असते, आणि मागे फिरायला शिकवलेलं कुणीच नसतं. मुलांना आपण जिद्द शिकवतो, ते योग्यच. पण जिद्दीने थांबता येतं, थांबून नव्याने येता येतं, हे शिकवायचं राहून जातं.

मुन्नाच्या बाबतीत त्या रात्री काय चुकलं, याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. त्याच्या हुनराला आमचा सलाम आहे. दुःख एवढंच की त्याच्यापाशी कला होती, पण ३००० फुटांवर जमीन मानून चुका करू देणारी व्यवस्था त्याच्या वाट्याला आली नाही. मुंबईच्या अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाच्या चाचण्यांची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. वर्षानुवर्षं थांबावं लागलं. ते थांबणं किती जाचक असेल! पण घरी बांधलेल्या यंत्रालाही सरकारदरबारी रस्ता आहे, एवढं त्यातून कळतं.

ज्या मुलांचे हात यंत्रात रमतात, त्यांच्या वालिदैनना म्हणून सांगावंसं वाटतं. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाचे भाग जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम आहे, आणि तिथल्याच मिहानमध्ये विमानांचे सुटे भाग बनवण्याची व विमानं दुरुस्त करण्याची कामं चालतात. मुलाला आठवीत शाळा सोडू देऊ नका. वैमानिक व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्यायला लावा. व्यावसायिक परवान्यासाठी पुढे २०० तास उड्डाण करावं लागतं, खर्च मोठा असतो, हे खरं. पण हैदराबादच्या बेकरीत काम करणाऱ्या एका बापाची मुलगी, सय्यदा सल्वा फातिमा, सरकारी मदतीच्या आधाराने वैमानिक झाली आहे. रस्ता लांब आहे, बंद नाही.

आता त्या आठवीतल्या मुलाची गोष्ट पुरी करतो. आम्ही त्याच्या वडिलांना भेटलो. पंखा काढून टाका असं सांगणं सोपं होतं, पण मुलाचा चेहरा पाहून ते शब्द ओठांवर आले नाहीत. आम्ही तिघांनी मिळून एक नियम केला. पंख्याला जाळी बसल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. चाचणीच्या वेळी दोरी बांधून गाडी खांबाला जखडायची. आणि तिथे उभ्या असलेल्या कुणीही, अगदी त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीने जरी "थांबा" म्हटलं, तरी इंजिन बंद. कारण नंतर विचारायचं. चिडायचं नाही, हसायचं नाही.

आधी नुसता सराव केला. इंजिन चालू, कुणीतरी "थांबा" म्हणायचं, इंजिन बंद. दहा वेळा, वीस वेळा. छोट्या बहिणीला तर या खेळाची फार मजा वाटली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात खरी चाचणी घेतली. पंखा वेगात फिरू लागला आणि काही क्षणांतच त्या मुलाने स्वतःच "थांबा" म्हणत इंजिन बंद केलं. कानाला आवाज वेगळा लागला, असं तो म्हणाला. पाहिलं तर पंखा धरून ठेवणारा एक बोल्ट ढिला झाला होता.

२६ जानेवारीला मैदानावर गाडी आली नाही. दोन-चार पोरांनी त्याला चिडवलं. तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला, डोळ्यांत पाणी होतं. आम्ही त्याला एवढंच म्हणालो, "बेटा, तू एक फेरी घालून परत येतोयस. उतरायचं राहिलंय, संपलेलं नाही."

गाडी अजून गॅरेजमध्ये आहे. नवी जाळी बसली आहे, बोल्टला दुसरा नट लागला आहे. मुलगा आता दहावीत आहे आणि आयटीआयची चौकशी करतो आहे. या १५ ऑगस्टला गाडी मैदानावर येईल का, असं परवा आम्ही त्याला विचारलं. तो म्हणाला, "तयार असली तर येईल, सर."